वडीलधाऱ्यांची झोप: गोळीच्या आधी काय तपासावे

वय झाले की झोप कमी होणारच, असे आपल्याकडे गृहीत धरले जाते. त्यामुळे मध्यरात्री बाजेवर उठून बसणाऱ्या आजीचे किंवा पहाटे तीनपासून ओसरीत येरझाऱ्या घालणाऱ्या आजोबांचे गाऱ्हाणे घरात कोणी मनावर घेत नाही, आणि फारच झाले तर औषधाच्या दुकानातून एक गोळी आणून दिली जाते. दुर्लक्ष आणि गोळी या दोन्ही गोष्टी एकाच समजुतीतून निघतात. ती समजूत अशी की, म्हातारपणचा निद्रानाश हा सगळ्यांना सारखाच होतो. गेल्या पन्नास वर्षांत पेशी आणि रेणूंच्या पातळीवर झालेल्या संशोधनाने ही समजूत खोटी ठरवली आहे. पासष्टीनंतरही माणसाला साधारण ७ ते ८ तास झोप हवी असते. कमी होते ती झोपेची गरज नव्हे, सलग झोपण्याची क्षमता. आणि ती का कमी झाली याचे उत्तर माणसागणिक वेगळे असते. कोणाच्या मेंदूतील घड्याळाची लय क्षीण झालेली असते, कोणाच्या मेंदूला लोह पुरत नसते, तर कोणाचा श्वास झोपेत वारंवार अडत असतो. यांतील एकाचा उपाय दुसऱ्याला अपायकारक ठरू शकतो. म्हणून घरच्यांनी आधी कारण वेगळे काढावे, उपचाराचा विचार त्यानंतर करावा.

आधी वही

शाळेची एक साधी वही घ्यावी आणि सलग दोन आठवडे नोंद ठेवावी. नोंद शक्यतो रात्री शेजारी झोपणाऱ्याने करावी, कारण झोपेत काय घडते हे झोपणाऱ्याला ठाऊक नसते. बीड आणि धाराशिवच्या अनेक गावांत दिवाळीच्या आसपास तरुण माणसे ऊसतोडीला निघून जातात आणि घरात म्हातारी माणसे व शाळकरी नातवंडे उरतात. अशा घरी सातवी-आठवीतला नातू हे काम उत्तम करतो. एका दिवसाची नोंद नमुन्यादाखल अशी असेल:

जेवण ७.३०. बाजेवर ८.३०. झोप लागली अंदाजे ९. जाग १२ (लघवी), अर्धा तास जागे. जाग १.३० (लघवी), अर्धा तास जागे. ३ नंतर झोप नाही. उठले ५. दुपारी १ ते ३ झोप. चहा चार वेळा, शेवटचा ६ वाजता. झोपण्याआधी तंबाखू. घोरणे: हो.

आता बेरीज करावी. नऊ ते तीन हे सहा तास, त्यातून जागेपणाचा एक तास वजा, म्हणजे रात्रीची झोप पाच तास. त्यात दुपारचे दोन मिळवले की चोवीस तासांची झोप सात तास भरते. "मला अजिबात झोप नाही" असे हे आजोबा अगदी प्रामाणिकपणे सांगत असले, तरी त्यांची झोप हरवलेली नसून विखुरलेली आणि दिवसाच्या चुकीच्या टोकाला सरकलेली आहे. बाजेवर मात्र ते रात्रीचे साडेआठ तास असतात. हा फरक वहीशिवाय कोणाच्याही लक्षात येत नाही, आणि तो डॉक्टरांनाही दोन मिनिटांच्या बोलण्यात कळणे अवघड असते.

शेतीपंपाला रात्रीच्या पाळीत वीज असते त्या आठवड्यात साठी ओलांडलेला माणूसही दारे धरायला शेतात जातो. तो आठवडा वहीत वेगळ्या खुणेने नोंदवावा, नाहीतर सरासरी फसवी निघते.

घड्याळ आणि उजेड

मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या लगेच वर, सुमारे २०,००० पेशींचा एक पुंजका आहे. तेच शरीराचे मुख्य घड्याळ. त्याची लय पेशीच्या आत तयार होते. क्लॉक आणि बीमॅल-१ ही दोन प्रथिने पिरियड आणि क्रिप्टोक्रोम ही जनुके चालू करतात. त्या जनुकांपासून बनलेली प्रथिने साठत जातात, पेशीच्या केंद्रकात परत शिरतात आणि स्वतःचीच निर्मिती थांबवतात. कालांतराने ती विघटित झाली की जनुके पुन्हा चालू होतात. या एका फेरीला साधारण २४ तास लागतात. फळमाशीत पिरियड जनुकाचा ठाव सेमूर बेन्झर आणि रोनाल्ड कोनोप्का यांनी १९७१ मध्ये लावला, आणि ही यंत्रणा उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबाश व मायकेल यंग यांना २०१७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. संध्याकाळीच झोपून भल्या पहाटेच्याही आधी उठणाऱ्या एका कुटुंबात पिरियड-२ प्रथिनातील एकच अमिनो आम्ल (प्रथिनाचा एक घटक) बदललेले असल्याचे २००१ मध्ये दिसून आले. लवकर जाग येणे हा नेहमी स्वभावाचा किंवा चिंतेचा भाग नसतो, हे एवढ्यावरूनही पटावे.

म्हातारपणी हे घड्याळ बंद पडत नाही. त्याच्या लयीतील चढ आणि उतार सपाट होत जातात, रात्र झाल्याची खबर शरीराला देणारे मेलाटोनिन हे संप्रेरक कमी स्रवते आणि झोपेची वेळ अलीकडे सरकते. शिवाय घड्याळ रोज लावून घेण्यासाठी जो उजेड लागतो तो आत पोहोचत नाही. डोळ्याच्या पडद्यावरील काही पेशींत मेलॅनॉप्सिन नावाचे प्रथिन असते. ते निळसर उजेडाला सर्वाधिक प्रतिसाद देते आणि दिवस असल्याची खबर थेट त्या पुंजक्याला देते. वयाबरोबर डोळ्याचे भिंग पिवळे पडते, पुढे मोतीबिंदू होतो, आणि नेमका हाच निळा उजेड अडतो. म्हणून मोतीबिंदूची शस्त्रक्रिया वर्षानुवर्षे पुढे ढकलणाऱ्या घराने ती केवळ दिसण्यासाठी असते असे समजू नये.

उजेडाचा उपाय फुकट आहे, पण तो वेळ पाहून करावा लागतो, आणि इथेच पुष्कळांची गफलत होते. सर्वांना सरसकट "पहाटे फिरायला जा" असे सांगितले जाते. पहाटे लवकर मिळालेला उजेड घड्याळ आणखी अलीकडे ओढतो, तर संध्याकाळचा उजेड ते पलीकडे ढकलतो. ज्यांना रात्री एकपर्यंत झोप लागत नाही त्यांनी सकाळचा उजेड घ्यावा. वहीतल्या आजोबांसारखे जे आठला पेंगतात आणि तीनला उठतात, त्यांनी मात्र संध्याकाळी साडेचार ते साडेसहा या वेळात अंगणात, पारावर किंवा मंदिरासमोर बसावे, आणि पहाटे जाग आली तरी उजाडेपर्यंत प्रखर दिवा लावू नये. घरातील ट्यूबलाइटचा उजेड शंभर-दोनशे लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) आसपास असतो, तर बाहेर लिंबाच्या सावलीतही तो काही हजार लक्स भरतो. त्यामुळे परभणी-नांदेडच्या उन्हाळ्यात उन्हात बसण्याची मुळीच गरज नाही, सावली पुरेशी आहे. रात्री लघवीला उठण्यासाठी जमिनीलगत मंद पिवळा दिवा ठेवावा.

झोप लागताना शरीराचे आतले तापमान थोडे उतरावे लागते आणि ती उष्णता हातापायांच्या त्वचेतून बाहेर पडते. पत्र्याचे घर एप्रिल-मे महिन्यांत मध्यरात्रीपर्यंत तापलेले असते; तिथे म्हाताऱ्या माणसाला नऊ वाजता आडवे होण्यास सांगणे म्हणजे त्याला तळमळायला लावणे आहे. मच्छरदाणी लावून अंगणात किंवा गच्चीवर अंथरूण घालावे. झोपण्यापूर्वी तासभर आधी कोमट पाण्याने अंग धुतल्यास त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि उष्णता बाहेर पडण्यास मदत होते.

झोपेचे ओझे आणि जागेपणाचा रेटा

घड्याळाखेरीज दुसरी यंत्रणा ॲडेनोसिनची आहे. मेंदूच्या पेशी दिवसभर ऊर्जा खर्च करतात, त्या खर्चातून ॲडेनोसिन साठते आणि झोपेचा दाब वाढत जातो. झोपेत तो ओसरतो. दुपारचे दोन तास हा दाब निम्म्या वाटेवरच उतरवतात. चहातील कॅफिन ॲडेनोसिनच्या ग्राहींवर, म्हणजे ते जिथे चिकटते त्या पेशीवरील जागांवर, जाऊन बसते आणि ॲडेनोसिनला जागा मिळू देत नाही. निम्मे कॅफिन शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, म्हणून सहाचा चहा अकरा वाजता अर्धा शिल्लक असतो. आपल्याकडे पाहुणा आला की चहा होतो आणि म्हाताऱ्या माणसालाही कप पुढे केला जातो. दुपारी दोननंतर त्यांना चहाऐवजी ताक किंवा नुसते दूध द्यावे.

वहीतल्या आजोबांसाठी मग व्यवस्था अशी करावी: दुपारी तीनच्या आत अर्धा तासच झोप, रात्री दहाच्या आधी बाजेवर जाणे नाही, आणि पहाटे साडेचारला उठणे. सुरुवातीला बाजेवरचा काळ साडेसहा तासांचा झाला. आठवडाभर यातील बहुतेक वेळ झोप लागली, तर झोपायची वेळ पंधरा मिनिटे अलीकडे घ्यावी, आणि असेच हळूहळू वाढवावे. निद्रानाशावरील वर्तनोपचाराचा हा गाभा आहे आणि अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये औषधांच्या आधी हाच उपचार करण्याची शिफारस केली. पहिले आठ-दहा दिवस पेंग जास्त येते, म्हणून फिट येणाऱ्या, तोल जाणाऱ्या किंवा गाडी चालवणाऱ्या माणसाने तो डॉक्टरांना विचारूनच करावा. आठ ते दहा हे दोन तास कसे काढायचे हा खरा प्रश्न असतो. त्याचे उत्तर गावात आहे: हरिपाठ, भजन, पारावरच्या गप्पा. एकटे बसवून "जागे राहा" म्हटले तर कोणीही पेंगेल.

तिसरी यंत्रणा जागेपणाची. १९९८ मध्ये दोन स्वतंत्र गटांना मेंदूत एक रेणू सापडला. एकाने त्याला ओरेक्सिन म्हटले, दुसऱ्याने हायपोक्रेटिन. तो जागेपणा टिकवतो. २०२२ मध्ये म्हाताऱ्या उंदरांवरील अभ्यासात असे दिसले की ओरेक्सिनच्या पेशी वयाने कमी होऊनही उरलेल्या पेशी अधिक चटकन उद्दीपित होतात, कारण त्यांना शांत ठेवणारे पोटॅशियमचे मार्ग कमी झालेले असतात. याउलट झोप टिकवणाऱ्या, गॅलॅनिन नावाचा रेणू असलेल्या पेशी माणसांच्या मेंदूत जितक्या कमी, तितकी त्यांची झोप मरणापूर्वीच्या काळात अधिक तुटक होती, हे २०१४ मध्ये मृत्यूनंतर मेंदू तपासून दाखवण्यात आले. म्हणजे पानाच्या सळसळीने किंवा कुत्र्याच्या भुंकण्याने जाग येणारी आजी नखरे करत नसते. तिची झोप खरोखरच पातळ झालेली असते. तंबाखू आणि मिश्रीतील निकोटीन हा जागेपणाचा रेटा वाढवते. दात दुखू नये म्हणून रात्री मिश्री लावून झोपणाऱ्या बायका आपल्याकडे खूप आहेत, आणि झोपेच्या तक्रारीत हा प्रश्न त्यांना कोणी विचारत नाही. तो विचारावा.

पाय, घोरणे, स्वप्ने

संध्याकाळ झाली की पायात वळवळ सुटते, ओढ लागते, पाय हलवल्यावाचून राहवत नाही आणि चालले की बरे वाटते, अशी तक्रार असेल तर ती निद्रानाशाची नाही, अस्वस्थ पायांच्या विकाराची आहे. पोटरीत गोळा येणे वेगळे; त्यात स्नायू आखडून दुखतो. आपल्या घरांत सून किंवा नातवंडे रोज रात्री पाय चेपून देतात, त्याने आराम पडतो, आणि सेवेच्या त्या चांगल्या रिवाजात आजार मात्र वर्षानुवर्षे झाकला जातो. या विकारात मेंदूतील लोह कमी असते आणि त्यामुळे डोपामिन या मेंदूतील संदेशवाहक रसायनाचे काम बिघडते. हिमोग्लोबिन ठीक असतानाही लोहाचा साठा रिकामा असू शकतो, म्हणून रक्तात फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) तपासावे लागते. एरवी ठीक मानले जाणारे फेरिटिनही इथे अपुरे ठरते. ते ७५ मायक्रोग्रॅम प्रतिलिटर किंवा त्याहून कमी असेल तर डॉक्टर लोह देण्याचा विचार करतात. लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करू नयेत: म्हाताऱ्या माणसाचे लोह कमी होण्यामागे आतड्यातून होणारा रक्तस्राव असू शकतो आणि तो शोधणे अधिक महत्त्वाचे असते. जेवणासोबत चहा मात्र आजच बंद करावा, कारण त्याने भाकरी-भाजीतील लोह कमी शोषले जाते.

घोरण्याकडे लक्ष द्यावे ते आवाजासाठी नव्हे, मधल्या शांततेसाठी. घोरणे अचानक थांबते, दहा-वीस सेकंद श्वास नसतो, मग धाप लागल्यासारखा श्वास येतो. हे मोबाइलवर चित्रित करून ठेवावे. रक्तातील प्राणवायू असा पुन्हा पुन्हा खालावला की पेशींतील एचआयएफ-१ हे प्रथिन जागे होते (ते शोधणारे ग्रेग सेमेन्झा २०१९ च्या नोबेलचे एक मानकरी आहेत), दाह वाढतो आणि रक्तदाब चढतो. बंद श्वासनलिकेविरुद्ध श्वास ओढताना छातीत ताण येतो, हृदयाच्या कप्प्यांतून मूत्र वाढवणारे एक संप्रेरक स्रवते, आणि माणूस लघवीसाठी उठतो. रात्री दोन-तीनदा लघवी म्हणजे प्रोस्टेट किंवा साखर, असे ठरवून मोकळे होऊ नये. झोपेत श्वास अडण्याचा हा विकार बारीक माणसांनाही होतो आणि पाळी गेल्यानंतर बायकांत वाढतो.

झोपेत ओरडणे, लाथा झाडणे, स्वप्नातल्या माणसाशी झटापट करणे, याला बाहेरची बाधा समजून अंगारा लावला जातो. स्वप्नांच्या झोपेत स्नायू सैल ठेवणारी मेंदूतील यंत्रणा बिघडल्याने हे घडते, आणि पुष्कळदा त्यामागे अल्फा-सायन्यूक्लिन या प्रथिनाच्या गाठी असतात, ज्या पार्किन्सन विकारातही आढळतात. २४ केंद्रांतील १,२८० रुग्णांच्या २०१९ च्या अभ्यासात दरवर्षी शंभरातील सहा जणांमध्ये पार्किन्सन किंवा त्या जातीचा विकार पुढे दिसून आला. नैराश्यावरील काही औषधांनीही असे होते, म्हणून निदान मेंदूविकारतज्ज्ञाकडूनच व्हावे. तोवर अंथरूण जमिनीवर घालावे आणि उशाजवळची काठी, विळा, तांब्या दूर ठेवावा.

संशोधनाच्या बातम्या कशा वाचाव्यात

"झोपेत मेंदू धुतला जातो" ही बातमी मोबाइलवर सर्वांनी वाचली आहे. तिचा उगम २०१३ च्या एका प्रयोगात आहे, ज्यात झोपलेल्या उंदरांच्या मेंदूतून ॲमिलॉइड (स्मृतिभ्रंशाशी जोडले जाणारे प्रथिन) अधिक वेगाने बाहेर पडताना दिसले. २०२४ मध्ये दुसऱ्या गटाला उंदरांतच उलट निष्कर्ष मिळाला, आणि वाद अजून मिटलेला नाही. माणसांत, २० निरोगी व्यक्तींना एक रात्र जागे ठेवल्यावर मेंदूतील ॲमिलॉइड वाढल्याचे २०१८ मध्ये दिसले. एका रात्रीच्या जागरणाने स्मृतिभ्रंश होतो असे त्यातून सिद्ध होत नाही. प्रत्येक बातमीला तीन प्रश्न विचारावेत: उंदीर की माणूस, किती जण, आणि ते किती वयाचे? म्हाताऱ्या माणसाच्या काळजीत या बातमीने भर टाकू नये, कारण झोप लागेल की नाही ही धास्तीच झोप घालवते.

गोळी आणि डॉक्टरांची भेट

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या गोळ्या मेंदू शांत करणाऱ्या गाबा या रसायनाच्या ग्राहींवर काम करून साऱ्या मेंदूलाच गुंगी आणतात. वर सांगितलेल्यांपैकी कोणतेही कारण त्या दूर करत नाहीत. गाढ झोपेचा भाग त्यांनी उलट घटतो. श्वास अडणाऱ्या माणसाच्या घशाचे स्नायू त्या आणखी सैल करू शकतात. वयानुसार यकृताचे काम मंदावते, गोळीचा अंमल सकाळपर्यंत राहतो, आणि लघवीला उठलेली आजी न्हाणीच्या उंबऱ्यावर पडून खुबा मोडतो. अमेरिकेतील वृद्धचिकित्सकांच्या बीअर्स निकषांत ६५ वर्षांपुढे या गोळ्या टाळाव्यात असे म्हटले आहे, आणि सर्दीच्या जुन्या पद्धतीच्या गुंगी आणणाऱ्या औषधांनाही तोच नियम लावला आहे. आपल्याकडे या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. शेजाऱ्याची चिठ्ठी चालवू नये. जे वर्षानुवर्षे घेत आहेत त्यांची गोळी मात्र एकदम बंद करू नये, फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे किंवा महिने घेऊन ती थोडी थोडी कमी करावी लागते.

अंबाजोगाई, लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, जिथे जाल तिथे वही, घोरण्याचे चित्रण आणि चालू असलेली सगळी औषधे पिशवीत भरून न्यावीत. रक्तदाबाच्या काही गोळ्या मेलाटोनिन घटवतात आणि लघवीची गोळी संध्याकाळी घेतली तर रात्र मोडते. वेळ बदलून भागेल का, हे विचारावे, मनाने बदलू नये. फेरिटिन, थायरॉइड आणि साखर तपासायची का, हे विचारावे. दुखणे, एकटेपणा आणि उदासी यांविषयी म्हाताऱ्या माणसाला स्वतः बोलू द्यावे, मुलाने मध्ये उत्तर देऊ नये. आणि तरीही झोपेची गोळी लिहून मिळालीच, तर ती कोणत्या कारणासाठी आहे आणि कोणत्या तारखेला बंद करायची, हे चिठ्ठीवरच लिहून घ्यावे.